जुन्या जीपला नवा गिअरबॉक्स : जोडणीआधीचा हिशेब

मोले ओलांडून अनमोड घाट चढला की रामनगरमार्गे गणेशगुडीला जाता येते. सुपा धरणालगतचे, काळी नदीच्या काठचे, जोयडा तालुक्यातील हे गाव. चढ-उतार आणि पावसाळी चिखलाच्या अशा मुलखात जुनी फोर-व्हील ड्राइव्ह जीप अजून उपयोगाची वाटते. मात्र तिचा गिअरबॉक्स चालकाची परीक्षा पाहतो. त्याजागी नव्या गाडीचा पाच गिअरचा बॉक्स बसवण्याचा विचार येतो तो त्यामुळेच.

महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे आलेल्या सीजे-३बी जीपमध्ये तीन गिअरचा टी-९० बॉक्स होता. त्यात दुसऱ्या व तिसऱ्या गिअरला सिंक्रोमेश आहे, पहिल्याला नाही. चढावर दम सुटल्यावर पहिला टाकायचा तर गाडी थांबवावी लागते किंवा दोनदा क्लच दाबण्याचे कसब लागते.

लाभ आकड्यांत पाहावा. टी-९०चा पहिला गिअर २.८०, ट्रान्स्फर केसचा लो २.४६ आणि डिफरन्शियल ५.३८ यांचा गुणाकार सुमारे ३७ येतो. नव्या बॉक्सचा पहिला गिअर ३.८ धरला तर तोच ५० होतो. उतारावर ब्रेक न तापवता गाडी इंजिनावर सावरली जाते ती या आकड्यामुळे. सपाटीवर ताशी ६० किलोमीटरला जुने इंजिन मिनिटाला सुमारे २,४०० फेरे घेते. पाचवा गिअर ०.८ असल्यास १,९०० पुरतात. लोकांना भुरळ पडते ती या दुसऱ्या आकड्याची. घाटात मोल पहिल्याचे अधिक.

खरी अडचण लांबीची. सीजे-३बीच्या दोन चाकांच्या आसांतील अंतर जेमतेम ८० इंच. बॉक्स लांब असला की ट्रान्स्फर केस मागे सरकते, मागचा प्रोपेलर शाफ्ट आखूड होतो आणि त्याचा कोन तीव्र होतो. शाफ्ट लेथवर कापून जोडल्यावर त्याचे बॅलन्सिंग करावेच लागते, दोन्ही टोकांचे क्रॉस एका रेषेत ठेवावे लागतात. नाही तर थरथर सुरू होऊन बेअरिंग जातात. या जीपचे डिफरन्शियल मधोमध नसून उजवीकडे असते. टू-व्हील ड्राइव्ह गाडीचा बॉक्स स्वस्त मिळाला तरी त्याचा मागचा शाफ्ट मध्यरेषेवर निघतो आणि ट्रान्स्फर केस जोडायला जागाच नसते. तो घेण्यात अर्थ नाही.

पुढच्या बाजूला बॉक्सच्या शाफ्टचे दाते क्लच प्लेटशी जुळायला हवेत, टोक फ्लायव्हीलमधील पायलट बेअरिंगमध्ये नेमके बसायला हवे. इंजिन आणि बॉक्स यांमध्ये जोडप्लेट घालावी लागली तर दोघांचा केंद्रबिंदू डायल गेजने तपासावा. येथे अंदाज चालत नाही. केंद्र थोडे ढळले तरी गिअर आपोआप सुटू लागतो.

सर्वांत दुर्लक्षित भाग हँडब्रेकचा. जुन्या जीपमध्ये त्याचा ड्रम चाकांवर नसतो. तो ट्रान्स्फर केसच्या मागे असतो. केस बदलली की हँडब्रेक गेला, स्पीडोमीटरची केबलही गेली. दोन्हींची सोय आधी ठरवावी. काम चालू असतानाही मागचा शाफ्ट सोडला की तो ब्रेक मागची चाके धरत नाही. चाकांना लाकडी ओंडके लावल्याशिवाय कोणी गाडीखाली जाऊ नये.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. बॉक्ससोबत इंजिनही बदलायचे असेल तर इंजिन क्रमांक नोंदणीपत्रात असतो, म्हणून काम सुरू करण्यापूर्वीच परवानगी घ्यावी. बदल केवळ बॉक्सचा असला तरी तो विमा कंपनीला लेखी कळवून पोच जपून ठेवावी.