लाल बावटा कुणी लावला नाही? १४ एप्रिल १९४४ आणि माहितीवरची मक्तेदारी

१४ एप्रिल ही तारीख आपल्याला कुणी शिकवावी लागत नाही. पण याच तारखेला देशभरातली अग्निशमन केंद्रे 'अग्निशमन सेवा दिन' पाळतात, आणि त्या दिवसाचा आपल्याशी काय संबंध आहे हे आपल्या बहुतेक तरुणांना ठाऊक नसते. १९४४ साली, बाबासाहेबांना ५३ वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज फुटले. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. मेले ते बहुतांश हमाल, गोदी कामगार, बंबवाले आणि गोदीलगतच्या वस्त्यांतले गोरगरीब.

हा इतिहास वर्तमानपत्रे दरवर्षी सोन्याच्या विटांची गोष्ट म्हणून सांगतात. जहाजावर ३१ पेट्यांत १२४ विटा होत्या, स्फोटात त्या आकाशात उडाल्या, एक तर मैलभर लांब एका पारशी गृहस्थाच्या घरात येऊन पडली, वगैरे वगैरे. गोष्ट खरी आहे. पण ती सांगताना मुख्य प्रश्न गिळला जातो. जहाजावर काय आहे हे कुणाला माहीत होते, आणि कुणाला माहीत होऊ दिले गेले नाही?

जहाजावर काय होते

फोर्ट स्टिकीन हे कॅनडात १९४२ साली बांधलेले, सात हजार टनांहून मोठे मालवाहू जहाज. २४ फेब्रुवारी १९४४ ला ते इंग्लंडच्या बर्कनहेड बंदरातून निघाले. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके होती. त्यात टॉर्पेडो, सुरुंग, तोफगोळे असे सगळे. शिवाय खोक्यांत भरलेली लढाऊ विमाने आणि सोने. कराचीला काही माल उतरवून रिकाम्या जागेत कापसाच्या हजारो गाठी, वंगणतेलाची पिंपे, लाकूड, भंगार लोखंड कोंबले गेले. कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात ठेवण्याबद्दल कप्तान नेस्मिथ याने हरकत नोंदवली होती. पण युद्धकाळ होता, जहाजे कमी होती आणि वरून हुकूम होता. हरकत कागदावर राहिली, कापूस जहाजात राहिला.

कापसाची आग कशी असते हे खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. जिनिंगमध्ये ज्याने काम केले आहे त्याला माहीत आहे की दाबलेल्या गाठीत ठिणगी शिरली तर ती तासन्‌तास आतल्या आत धुमसते, वरून पाणी मारले तरी आत पोचत नाही. त्या गाठी स्फोटकांच्या खाली ठेवल्या होत्या.

१२ एप्रिलला जहाज मुंबईत आले आणि धक्क्याला लागले. शांततेच्या काळात स्फोटकांचे जहाज गोदीत आणत नसत. ते समुद्रात दूर उभे करून माल पडावांतून उतरवत. युद्धाच्या घाईत हा नियम सैल केला गेला. आणखी एक साधा नियम होता. जहाजावर धोकादायक माल असेल तर डोलकाठीवर लाल बावटा लावायचा. इथे लाल बावटा म्हणजे युनियनचा नव्हे, धोक्याचा. वाचता न येणाऱ्यालाही कळेल अशी ती खूण. फोर्ट स्टिकीनवर तो लावलाच नाही. दोन दिवस ते जहाज इतर जहाजांसारखेच दिसत उभे राहिले आणि स्फोटके उतरवण्याचे काम लांबत गेले.

दुपार

१४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास दोन नंबरच्या होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या कोठारात, आग असल्याची हाकाटी झाली. त्याआधी तासाभराहून अधिक वेळ शेजारच्या जहाजांवरच्या लोकांना तिथून धूर येताना दिसला होता, असे पुढे समोर आले. त्यांनी ओरड का केली नाही? कारण ते दारूगोळ्याचे जहाज आहे हे सांगणारी खूणच वर नव्हती. कापसाच्या जहाजातून थोडा धूर म्हणजे गोदीत नेहमीचीच गोष्ट.

बंबवाले आले. नऊशे टन पाणी होल्डमध्ये ओतले गेले. दाट धुरामुळे आगीचे मूळ सापडेना, आत पाणी उकळू लागले. लष्कराच्या दारूगोळा विभागाचा अधिकारी येऊन माल किती आहे ते सांगून गेला. कुणी म्हणाले जहाज जागेवरच बुडवा, कुणी म्हणाले बंदराबाहेर ओढून न्या. निर्णय झाला नाही. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम निघाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या अंतराने दुसरा. बारा किलोमीटरवरच्या काचा फुटल्या. शेजारचे 'जलपद्म' जहाज उचलून धक्क्यावर फेकले गेले. पेटता कापूस आणि लोखंड गोदीलगतच्या वस्त्यांवर बरसले.

६६ बंबवाले जागीच गेले. त्यांच्या स्मृतीसाठी १४ एप्रिल पाळला जातो, आणि तो पाळलाच पाहिजे. एकूण मृतांचा आकडा मात्र आजही कुणी ८०० सांगते, कुणी १,३००. सुमारे ८०,००० लोक बेघर झाले. युद्धकाळातल्या सेन्सॉरमुळे आपल्याच शहरात काय घडले हे मुंबईकरांना धड कळले नाही. जगाला पहिली तपशीलवार बातमी मिळाली ती जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओवरून.

१२४ विटांचा हिशेब आहे. माणसांच्या हिशेबात पाचशेचा फरक आहे. गोदीतला मजूर टोळीवाल्यामार्फत रोजच्या रोज भरला जाई. आज कामावर आहे, उद्या नाही. त्याचे नाव कुठल्या हजेरीपटावर होते, की मेल्यावर कुणी खोडावे?

चौकशीने काय सांगितले

चौकशीत आगीचे मूळ बहुधा कापसाच्या गाठींत असल्याचा निष्कर्ष निघाला. त्याबरोबर चुकांची यादीही निघाली: स्फोटकांखाली कापूस ठेवला, लाल बावटा लावला नाही, स्फोटके उतरवायला उशीर केला, होल्डमध्ये वाफ सोडून आग दाबली नाही, अग्निशमन दलाला उशिरा कळवले.

या पाच चुका कुणाच्या आहेत ते पाहा. यातली एकही हमालाची नाही. बिडी-सिगारेटचे थोटूक पडले असेल, असा तर्क आजही केला जातो. पडले असेलही. पण ज्याला आपण दारूगोळ्यावर उभे आहोत हे सांगितलेच नाही, त्याच्या बिडीला दोष देणे हा मालकांचा जुना धंदा आहे.

'युद्ध होते, गुप्तता पाळावी लागली,' असे उत्तर दिले जाते. हे उत्तर तेव्हाही जुने होते. ६ डिसेंबर १९१७ ला कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात 'माँ ब्लां' हे दारूगोळ्याचे जहाज फुटले. जर्मन पाणबुड्यांच्या भीतीने त्यानेही धोक्याचा बावटा लावला नव्हता. जळणारे जहाज पाहायला लोक धक्क्यावर आणि खिडक्यांत जमले आणि हजारोंच्या संख्येने मेले-जायबंदी झाले. २६ वर्षे हा धडा ब्रिटिश साम्राज्याच्या दप्तरी होता. शत्रूला कळू नये म्हणून केलेली गुप्तता शेवटी आपल्याच मजुराला भोवते, हे सत्ताधाऱ्यांना माहीत होते.

यात जात कुठे आली?

'प्रत्येक गोष्टीत जात आणता' म्हणणारे इथेही येतील. त्यांना दोन गोष्टी सांगाव्यात.

एक, गिरण्यांच्या विणखात्यात धाग्याला तोंड लावावे लागते म्हणून अस्पृश्याला प्रवेश नव्हता. मग तो गेला रेल्वेच्या रुळांवर, रस्त्याच्या कामावर आणि गोदीत. बाबासाहेबांनी फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ते हेच पाहून. जहाज घाईने भरायचे हे भांडवल आणि साम्राज्य ठरवते. होल्डमध्ये उतरून ओझे कुणी उचलायचे हे ठरवायला जात मदत करते.

दोन, जातिव्यवस्था ही श्रमाची वाटणी आहे तशीच ती माहितीचीही वाटणी आहे. ज्ञान वरच्यांकडे, ओझे खालच्यांकडे. गोदीत तेच झाले. कप्तानाला माहीत होते, बंदराच्या कागदांवर माल नोंदला होता, लष्कराला माहीत होते. बातमी अधिकाऱ्यापर्यंत पोचली आणि तिथेच थांबली. ज्याच्या डोक्यावर ती पेटी होती त्याच्यापर्यंत आलीच नाही.

इथे एक अवघड प्रश्नही आपणच विचारला पाहिजे. गोदी कामगारांच्या सुरक्षेचा कायदा १९३४ सालीच झाला होता. तो अमलात आला १९४८ मध्ये. मधली चौदा वर्षे तो कपाटात होता, आणि त्यातली चार वर्षे मजूरमंत्री बाबासाहेब होते. विरोधक हे बोट दाखवतील. त्याला उत्तर भक्तीने देऊ नये, इतिहासाने द्यावे. बंदरे त्या काळी युद्ध वाहतूक खात्याकडे होती, मजूर खात्याकडे नव्हती. जे हातात होते तिथे बाबासाहेब डिसेंबर १९४३ मध्ये स्वतः झरियाच्या कोळसा खाणीत उतरले, आणि पुढच्याच महिन्यात खाण कामगारांसाठी कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. मजूर जिथे मरतो तिथे उतरून पाहणे ही त्यांची पद्धत होती. एका खुर्चीने सगळी व्यवस्था बदलत नाही, म्हणूनच त्यांनी कामाच्या न्याय्य आणि माणुसकीच्या परिस्थितीची जबाबदारी संविधानाच्या अनुच्छेद ४२ मध्ये राज्यावर टाकली.

नियम आले, पण...

आज जगभर धोकादायक मालाचे नऊ वर्ग ठरलेले आहेत. प्रत्येक पदार्थाला चार आकडी क्रमांक आहे. जहाज बंदरात येण्याआधी त्याची यादी बंदराला कळवावी लागते. तरीही मालक भाडे वाचवायला किंवा अटी चुकवायला खोटे नाव लिहितात, आणि कळवलेली माहितीही दडून राहते. मुंबई बंदराच्या शिवडीतल्या हाजी बंदरला जुने, गंजलेले क्लोरीनचे सिलिंडर वर्षानुवर्षे पडून होते. १४ जुलै २०१० ला ते गळले आणि शंभराहून अधिक लोक दवाखान्यात गेले. त्यात मजूर होते, विद्यार्थी होते, बंबवालेही होते. बैरूतच्या बंदरात २,७५० टन अमोनियम नायट्रेट सहा वर्षे पडून होते. अधिकाऱ्यांना माहीत होते, शहराला नव्हते. ४ ऑगस्ट २०२० ला त्याचा स्फोट झाला आणि निम्म्या शहराला तडाखा बसला.

आणि कळवूनही उपयोग न झाल्याचे उदाहरण आपल्या शेजारचे आहे. मे २०२१ मध्ये 'एक्स-प्रेस पर्ल' जहाजावर नायट्रिक ॲसिडचा कंटेनर गळू लागला. कतारच्या आणि नंतर सुरतजवळच्या हजिरा बंदराने तो उतरवून घ्यायला नकार दिला. जहाज पुढे गेले, कोलंबोजवळ पेटले आणि बुडाले. श्रीलंकेच्या मच्छीमारांचा समुद्र प्लास्टिकच्या दाण्यांनी भरला.

नंदुरबारचा लाल बावटा

हजिऱ्याचे नाव घेतले, कारण तिथला माल समुद्रावरच थांबत नाही. नंदुरबार जिल्ह्याला किनारा नाही, पण गुजरातच्या बंदरांचा आणि रसायनपट्ट्याचा रस्ता आपल्या दारातून जातो. सुरत-धुळे महामार्ग नवापूर, विसरवाडीवरून कोंडाईबारी घाट चढतो. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता अक्कलकुवा, तळोदा, शहाद्यातून जातो. रेल्वेची उधना-जळगाव लाइन नंदुरबार स्टेशनातून. या रस्त्यांवर दिवसरात्र टँकर धावतात.

जहाजाला जसा लाल बावटा, तसा टँकरला फलक. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधले १२९ ते १३७ हे नियम सांगतात की अशा वाहनावर पदार्थाचे नाव, त्याचा क्रमांक, धोक्याचे चिन्ह आणि आपत्कालीन फोन नंबर ठळक दिसला पाहिजे, आणि काय करावे-काय करू नये याची लेखी माहिती ड्रायव्हरकडे पाहिजे. १२०३ म्हणजे पेट्रोल. १०१७ म्हणजे क्लोरीन. १८३० म्हणजे गंधकाम्ल, आपण ज्याला सल्फ्युरिक ॲसिड म्हणतो ते. हे आकडे आपल्या किती पोरांना वाचता येतात? टँकर उलटला की कॅन आणि हंडे घेऊन कोण धावते? ज्याच्या घरात तेलाची चणचण आहे तो. फलक इंग्रजीत, आणि धावणारा मावची, पावरी, अहिराणी बोलणारा. १९४४ च्या गोदीत आणि आजच्या घाटात फरक किती उरला?

म्हणून येत्या जयंतीला डीजेच्या खर्चातून थोडे वाचवून तीन कामे करता येतील. महामार्गावरच्या गावांत हे क्रमांक आणि 'लांब पळा, वाऱ्याच्या उलट दिशेने जा, जवळ जाऊ नका' एवढ्या सूचना स्थानिक बोलीत भिंतीवर रंगवा. माहिती अधिकारात जिल्हाधिकाऱ्यांकडे विचारा की १९९६ च्या रासायनिक अपघात नियमांप्रमाणे जिल्हा संकट गट आहे का, त्याची शेवटची बैठक कधी झाली, आणि लोकांना माहिती देण्याचे कर्तव्य त्याने कसे पार पाडले. तिसरे, सुरत-हजिऱ्याला कामाला गेलेल्या आपल्या भावांना विचारा की ते काय उचलतात ते त्यांना सांगितले जाते का. नसेल तर तिथल्या युनियनशी त्यांना जोडून द्या.

'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश आपण शाळा-कॉलेजपुरता समजून बसलो. आपल्या डोक्यावरच्या पेटीत काय आहे हे जाणून घेणे हेही शिक्षणच आहे. ते मागून मिळत नसेल तर संघटित होऊन घ्यावे लागेल.

जय भीम!