करमणुकीचा इतिहास जात्यापासून

आमच्या गंगाखेडच्या करमणुकीची गोष्ट कुणी सांगायला घेतली की ती तंबूतल्या सिनेमापासून सुरू होते. मग तमाशाचे फड, परभणीच्या उरुसातली कव्वाली, टॉकीज, व्हिडिओ, कॅसेट आणि शेवटी डीजे. ही सगळी गोष्ट पुरुषांची आहे. जेवण झाल्यावर चपला पायात सरकवून ज्यांना बाहेर पडता येत होतं, त्यांची. गावातली निम्मी माणसं त्या वेळी भांडी घासत होती. त्यांची करमणूक पहाटे व्हायची, घरातल्या घरात, अंधारात, हात कामात अडकलेले असताना. माझं मत मी आधीच सांगून टाकते. या भागातल्या गाण्याबजावण्यात सगळ्यात मोठी उलथापालथ सिनेमानं केली नाही, रेडिओनंही केली नाही. ती पिठाच्या गिरणीनं केली.

गंगाखेड गोदावरीच्या काठावर आहे, आणि गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. तेराव्या शतकात दमा आणि करुंड या नवराबायकोच्या पोटी जनाबाई इथं जन्मली. लहानपणीच ती पंढरपूरला दामाशेटींच्या घरी कामाला राहिली आणि नामदेवांच्या त्या घरात तिचा जन्म गेला. तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. दळण, कांडण, झाडलोट, शेणगोठा हे सगळं त्यांत आहे, आणि देव येऊन तिच्या शेजारी दळायला बसतो. कीर्तनकार हे भक्तीचं उदाहरण म्हणून सांगतात, ते बरोबरच आहे. मी त्यात आणखी एक गोष्ट ऐकते. ही बाई काम संपवून मग गायला बसलेली नाही. काम चालू आहे आणि गाणं चालू आहे. संगीताबद्दल आमच्या गावानं मांडलेलं पहिलं मत हेच आहे, आणि सातशे वर्षांत त्याहून मोलाचं मत इथल्या कुणी मांडलंय असं मला वाटत नाही.

जातं आता लग्नात हळद दळण्यापुरतं उरलंय, म्हणून ते कसं चालायचं ते सांगायला हवं. खालची तळी जमिनीत घट्ट बसवलेली, वरची पाळू फिरती. पाळूच्या काठाला लाकडी खुंटा, मधे तोंड. दोघी समोरासमोर बसायच्या, एक पाय लांब, एक दुमडलेला. खुंट्यावर दोघींचे हात एकावर एक. एकीनं उजव्या हातानं ओढायचं आणि डाव्या हातानं तोंडात मूठभर ज्वारी सोडायची. या मुठीला वैरण म्हणायचे. वैरण जास्त पडली की पीठ भरड निघतं, कमी पडली की दगडाला दगड घासून पिठात कच येते. म्हणजे लय सांभाळणं ही हौस नव्हती, रात्रीची भाकरी त्यावर अवलंबून होती. एकीनं ओवीची पहिली ओळ टाकायची, दुसरीनं ती उचलून पुढं न्यायची. मधल्या वेळात पहिलीचा दम परत यायचा. जात्यावरची ओवी छोटी का असते आणि ओळ पुन्हा का म्हणायची असते, याचं उत्तर छातीत आणि खांद्यात आहे. छंदशास्त्राच्या पुस्तकात मला ते सापडलं नाही.

त्या ओव्यांचा विषय काय? माहेर, भाऊ, आई, लेक, पंढरीची वाट, रामाची सीता. सीता तर फारच. नवऱ्यानं टाकलेल्या बाईचं दुःख स्वतःच्या नावानं सांगता येत नव्हतं, ते सीतेच्या नावानं सांगता येत होतं. सासू पलीकडं अंथरुणात जागी असायची, तिनं ऐकावं म्हणूनही काही ओव्या म्हटल्या जायच्या. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. दरबाराची, कचेरीची, शाळेची भाषा उर्दू होती. सभा घ्यायची तर गश्ती निशान 53 या फर्मानाखाली परवानगी काढावी लागायची. जात्यावर बसायला कुणाची परवानगी लागत नव्हती. राज्याची भाषा कुठलीही असो, पहाटे चार वाजता प्रत्येक घरात मराठीतून नवी रचना होत होती, आणि तिची नोंद कुठल्याच दप्तरात नव्हती.

नोंद फार उशिरा झाली. साने गुरुजींनी स्त्रीजीवनमध्ये ओव्या गोळा केल्या, सरोजिनी बाबरांनी पुढं मोठं काम केलं. पण आवाजासकट, गाणारणीच्या नावागावासकट काम केलं ते हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी. त्यांच्या आणि सोबत्यांच्या प्रयत्नातून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. आमच्या परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज त्यात 1996 साली ध्वनिमुद्रित झाला. तो ऐकला तेव्हा मी हातातलं काम ठेवून दिलं. या आवाजाला साथ नाही, माईकची सवय नाही, श्रोत्याला खूष करायचा विचारही नाही. स्वर जिथून उचलतात तिथं थोडा कापतो आणि मग ठाम बसतो. मी शास्त्रीय मैफिली ऐकल्या आहेत, सिनेमाची गाणी तर आयुष्यभर ऐकली. परभणी जिल्ह्यानं देशाला दिलेला सगळ्यात मोठा गळा कोणता असं कुणी विचारलं तर मी याच बाईचं नाव घेईन.

आता तंबूकडं येते, कारण बाया तंबूतही गेल्या. परळीला शिवरात्रीची जत्रा, पालम-लोह्याच्या वाटेनं गेलं की माळेगावच्या खंडोबाची मार्गशीर्षातली जत्रा. घोडे, गाढवं, उंट, भांड्यांची दुकानं, तमाशाचे फड आणि फिरते सिनेमे. जमिनीवर बसायचं, मधे दोरी बांधलेली, एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष. मशीन एकच असलं तर रीळ बदलताना अंधार व्हायचा, आणि त्या अंधारात बायांची बाजू जास्त बोलायची. गोष्ट इथवर कशी आली आणि आता काय व्हायला पाहिजे, यावर तिथंच निकाल लागायचे. माझी आजी म्हणायची, तिला सिनेमापेक्षा हे मधलं बोलणं जास्त लक्षात राहिलं.

याच तंबूत तिनं संत जनाबाई पाहिला. प्रभातचा हा सिनेमा 1949 चा, म्हणजे आमचा मुलूख निजामाच्या ताब्यातून सुटल्याच्या पुढच्याच वर्षी पुण्याच्या स्टुडिओतून आमच्या गावची जनी पडद्यावर आली. जनाबाई झाल्या होत्या हंसा वाडकर. आजीनं पडद्याला हात जोडले आणि बाहेर आल्यावर एक तक्रार केली: जातं ओढणाऱ्या बाईला असं सलग गाता येत नाही, दम कुठंतरी लागला पाहिजे. पार्श्वगायन म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं, पण पार्श्वगायनाच्या सिनेमातून काय हरवतं ते तिनं नेमकं पकडलं. स्टुडिओत उभं राहून गायलेला आवाज आणि खुंटा ओढणारं शरीर एकमेकांना भेटतच नाहीत. आजही पडद्यावर कष्ट करणारी बाई गायला लागली की मी आधी तिचा श्वास शोधते.

हंसा वाडकरांबद्दल मात्र मला जास्त बोलायचं आहे. 1947 च्या लोकशाहीर रामजोशीमध्ये त्या तमाशातल्या नायकिणीच्या भूमिकेत होत्या. दोन वर्षांनी त्या जनाबाई झाल्या. 1959 साली अनंत माने यांच्या सांगत्ये ऐकामध्ये पुन्हा तमाशात उभ्या राहिल्या, आणि तो सिनेमा पुण्याच्या विजयानंदला 131 आठवडे चालला. त्याच नावानं पुढं त्यांचं आत्मकथन आलं, आणि त्यावरून श्याम बेनेगल यांनी 1977 साली भूमिका काढला. आमच्याकडची सभ्य माणसं जनाबाईच्या सिनेमाला घरच्या बायांना घेऊन जायची आणि फडाकडं जाणाऱ्या वाटेवरून त्यांना जाऊ द्यायची नाहीत. दोन्हीकडं बाई तीच होती. तमाशाही गणानं उभा राहतो, मग गवळण येते, पुढचं सगळं त्यानंतर. देवाचं गाणं आणि लौकिकातलं गाणं यांच्यामधे जी दोरी बांधली गेली ती गाणाऱ्यांनी बांधलेली नाही. ती बायांनी कुठं बसावं हे ठरवणाऱ्यांनी बांधली, आणि मला ती कधीच मान्य झाली नाही. गोंधळात ती दोरी नव्हती. तो घराच्या अंगणातच यायचा, म्हणून बाया रात्रभर समोर बसायच्या. परभणीच्या राजारामबापू कदमांनी त्या गोंधळाला मोठं नाव मिळवून दिलं.

मग गिरणी आली. आधी डिझेल इंजिनाची, नंतर विजेची. इंजिनाच्या धुराड्याचा ठोका अर्ध्या गावाला ऐकू जायचा, आणि तो सुरू झाला की बाया पाटीत दळण घेऊन निघायच्या. एक गोष्ट नीट समजून घ्या. जातं गेलं म्हणून कुठलीही बाई रडली नाही. बाळंतपणानंतर महिन्याभरात खुंट्याला हात लावावा लागलेल्या बायांनी गिरणीला मनातून आशीर्वाद दिले, आणि ते योग्यच होतं. जुनं ते सोनं म्हणत जात्याचे फोटो काढणाऱ्यांना मी सांगते, घरच्या चार माणसांपुरतं पहाटे दळून बघा आणि मग बोला. पण कष्ट गेले तेव्हा गाण्याची जागाही गेली. गिरणीत बाया नंबर लावून उभ्या असायच्या, बोलायच्या, भांडायच्या, पण पट्ट्याच्या आवाजात गाता येत नव्हतं. घरी पहाट मोकळी झाली आणि मुकी झाली. ज्या घरात बाई रोज स्वतः शब्द जुळवत होती त्या घरात आता दुसऱ्यांनी जुळवलेले शब्द यायला लागले.

ते आधी रेडिओतून आले. आकाशवाणीनं 1940 पासून हार्मोनियमला दार बंद केलं होतं आणि ते 1971 पर्यंत उघडलं नाही. ज्या पेटीवर आमच्या प्रत्येक मंदिरातलं भजन चालायचं तिला दिल्लीत जागा नव्हती. बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाल्यावर 1952 मध्ये सिनेमाची गाणीही हटली, आणि सगळा देश बुधवारी रात्री रेडिओ सिलोन लावून अमीन सयानींची बिनाका गीतमाला ऐकू लागला. लोकांना काय आवडावं हे वरून ठरवणाऱ्यांना लोकांनी तेव्हा दिलेलं उत्तर मला आजही आवडतं. 1957 साली विविध भारती काढावीच लागली.

कॅसेटबद्दल मात्र मी कडवट नाही. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज एका टेपवर विठ्ठलाला हाक मारायचा आणि दुसऱ्या टेपवर भीमरायाला, तिसरीवर कव्वाली असायची. तो गळा कुठल्याही एका आळीचा नव्हता. वामनदादा कर्डकांची गाणी तर वस्तीतल्या बायांनी ऐकली आणि लगेच तोंडात घेतली, कारण बाबासाहेबांवर ओव्या रचायची सवय त्यांना जात्यावर आधीच लागलेली होती. भीमजयंतीला वस्तीत ऐकणारी बाई पुन्हा गाणारी झाली. माझी गाण्याची कसोटी हीच आहे. गाणं संपल्यावर ऐकणारा ते पुढं नेतो की नुसता ऐकून गप्प बसतो?

या कसोटीवर मी माहेरची साडीची बाजू घेते. 1991 चा विजय कोंडके यांचा हा सिनेमा शहरातल्या लिहिणाऱ्यांनी रडका म्हणून बाजूला टाकला. मूळ कथा राजस्थानी बाई चाली सासरियेची, म्हणजे दुसऱ्या मुलखातल्या बायांच्या मनातही तेच होतं. अलका कुबल सोसतात, उषा नाडकर्णी छळतात, विक्रम गोखले बाप असून पाठ फिरवतात, भाऊ मात्र बहिणीचा राहतो. हे सगळं आमच्या बायांनी आधी ऐकलेलं होतं, स्वतः म्हटलेलं होतं. गावोगावच्या बाया ट्रॅक्टरमध्ये बसून आल्या त्या नट बघायला नव्हे. गिरणीनं जी ओवी त्यांच्या घरातून नेली तिची गोष्ट त्यांना परत दिसली. सिनेमा कलाकृती म्हणून थोर नाही, मांडणी भडक आहे, हे मला मान्य आहे. तरी ज्यानं त्या थेटरात बायांचा हुंदका ऐकला आणि त्याला अडाणीपणा म्हटलं, त्यानं मराठी बाईचं सहाशे-सातशे वर्षांचं काव्य वाचलेलंच नाही.

सैराटच्या वेळी, 2016 मध्ये, पोरी पडद्यापुढं उठून नाचल्या. ते मला फार बरं वाटलं. नागराज मंजुळेंच्या या सिनेमाचा शेवट त्या नाचावर कसा कोसळतो तेही त्या पोरींनी पाहिलं, आणि घरी जाऊन त्या त्यावर बोलल्या. डीजेबद्दल मी दोनच वाक्यं बोलते. छातीत धडधड होते तेव्हा शेजारणीच्या तोंडातला शब्द ऐकू येत नाही. ज्या गाण्यात शेजारणीचा आवाज ऐकू येत नाही ते मला नको.

आषाढीच्या आधी शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परभणी, दैठणा करत गंगाखेडला येते आणि परळीकडं जाते. त्या दिवशी आमच्या रस्त्यावर सत्तरीपुढच्या शंभर तरी बाया दर्शनाला उभ्या असतात, आणि त्यातल्या कितीतरी जणींना अजून ओव्या येतात. आता प्रत्येक घरात आवाज टिपणारा फोन आहे. नातवंडांना माझं सांगणं आहे की आजीला एकटीला बसवून गा म्हणू नका, एकटीला ओवी आठवत नाही. तिची जाऊ, नणंद किंवा शेजारची म्हातारी बोलवा, दोघींना समोरासमोर बसवा, मधे जातं नसलं तर उखळ, पाटा काहीही ठेवा, हाताला धरायला काहीतरी हवं. पंखा बंद करा. एक चुकली की दुसरी दुरुस्त करते, ते भांडणही टिपा. आणि शेवटी दोघींची पूर्ण नावं, माहेरचं गाव, सासरचं गाव आणि तारीख त्यांच्याच तोंडून वदवून घ्या.