महागडा चारा आणि मेंढपाळीचे अर्थकारण : दख्खनच्या धनगरांचा ऐतिहासिक अनुभव

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासाच्या लेखनात शेती, सावकारी, गिरणी उद्योग व सहकार यांना मोठे स्थान मिळाले आहे. त्या मानाने मेंढपाळीकडे इतिहासकारांचे लक्ष कमी गेले. धनगरांच्या दैवतांचा व मौखिक परंपरेचा अभ्यास गुंथर सोन्थायमर यांच्यासारख्या अभ्यासकाने निष्ठेने केला. तथापि मेंढपाळी हा एक व्यवसाय आहे, त्यात जमाखर्च आहे व नफा-तोटा आहे, या अंगाने त्याचा विचार फारसा झालेला नाही. आज पशुखाद्याचे दर वाढत असताना ‘मेंढीपालन परवडते का?’ हा प्रश्न वारंवार विचारला जातो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने वेध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

चाऱ्याचे मूलभूत गणित

दख्खनी मेंढी साधारण २५ ते ३० किलो वजनाची असते. तिला दररोज वजनाच्या तीन ते चार टक्के, म्हणजे सुमारे १ किलो शुष्क चारा लागतो. या हिशेबाने १०० मेंढ्यांच्या खांडाला वर्षाला सुमारे ३६ टन चारा हवा. हा सर्व चारा विकत घ्यावयाचा झाल्यास, उदाहरणादाखल किलोला ५ रुपये इतका कमी दर धरला तरी एका मेंढीमागे वर्षाचा खर्च १,८०० रुपयांच्या पुढे जातो. दख्खनी मेंढी बहुधा एका वेतात एकच कोकरू देते. तिची लोकर वर्षाला एक किलोही भरत नाही आणि ती जाडीभरडी असते. मजुरी, औषधपाणी व मरतूक हे खर्च मांडल्यावर हाती काय उरेल, हे निराळे सांगावयास नको.

तात्पर्य, संपूर्णपणे विकतच्या चाऱ्यावर मेंढी पोसणे दख्खनमध्ये अवघडच होते. तरीही हा व्यवसाय शतकानुशतके टिकला. तो कसा टिकला, याचे उत्तर स्थलांतराच्या व्यवस्थेत सापडते.

स्थलांतर : एक आर्थिक व्यवस्था

माण, खटाव, फलटण, जत, आटपाडी, सांगोला हा पर्जन्यछायेचा प्रदेश मेंढपाळांचे माहेर होय. पावसाळ्यात येथील माळरानांवर आखूड परंतु पौष्टिक गवत उगवते. कोकणातील मुसळधार पावसात मात्र मेंढीचे खूर कुजतात व जंतांचा प्रादुर्भाव होतो. म्हणून पावसाळा माणदेशासारख्या कोरड्या मुलखात काढावयाचा, दसरा-दिवाळीनंतर वाडा हलवून घाटमाथ्याकडे व कोकणात उतरावयाचे आणि मृगाच्या आत परतावयाचे, असा क्रम रूढ झाला. यास भटकंती म्हटले जाते. परंतु वाटा, मुक्काम व यजमान शेतकरी बहुधा ठरलेले असत. चारा जेथे व जेव्हा फुकट मिळतो तेथे जनावर नेणे, हे या व्यवस्थेचे सूत्र होते.

या व्यवस्थेचे दुसरे अंग अधिक महत्त्वाचे आहे. पीक निघाल्यावर शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवीत असे. वाघुरीच्या जाळ्यात रात्रभर कोंडलेल्या मेंढ्यांची लेंडी व मूत्र यांचे खत थेट जमिनीत जाई. या मोबदल्यात मेंढपाळाला धान्य किंवा रोख रक्कम मिळे. म्हणजे दिवसा धसकटे व बांधावरचा पाला खाऊन मेंढी पोट भरी आणि रात्री त्याच चाऱ्याच्या खतातून कुटुंबाचे धान्य मिळवी. चाऱ्याला किंमत मोजण्याऐवजी चारा खाल्ल्याबद्दलच मोबदला मिळण्याची ही रीत होती. महागड्या चाऱ्यावरचा याहून प्रभावी उपाय आधुनिक व्यवस्थापनशास्त्रालाही क्वचितच सुचला असेल.

प्रजननाचा काळही याच गणितात बसविलेला असे. पावसाळ्याच्या आरंभी ताज्या गवतावर मेंढ्या फळत व पाच महिन्यांनी, कार्तिक-मार्गशीर्षात, रानात सुगीचा चारा असताना विते. उन्हाळ्याची टंचाई भेडसावू लागण्यापूर्वी नर कोकरे विकून खांड हलके करता येई. लोकर सणगर विणकरांकडे जाई व चिंचोक्याच्या खळीने कडक केलेली घोंगडी बाजारात येई. मांस, लोकर व खत अशी ही तिहेरी मिळकत होती.

वसाहतकाळ : चाऱ्याला किंमत लागली

चराईवरील कर ब्रिटिशांनी नव्याने आणला असे नव्हे. मराठा काळातील महसुली व्यवस्थेत वनचराई ही बाब होतीच. फरक पडला तो हक्काच्या स्वरूपात. १८६५ व विशेषतः १८७८ च्या वनकायद्याने राखीव व संरक्षित जंगलांची रचना केली. परंपरेने चालत आलेली चराई ही सरकारच्या मर्जीवरील सवलत ठरली. शेळ्या-मेंढ्या जंगलाची नासाडी करतात, ही वनखात्याची दृढ धारणा असल्याने त्यांच्यावरील निर्बंध विशेष कडक झाले. म. फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) मध्ये, डोंगर व कुरणे जंगलखात्याने गिळंकृत केल्यामुळे गरिबांच्या शेळ्या-मेंढ्यांना चरावयास जागा उरली नाही, अशी तक्रार नोंदविली आहे.

येथे काळाचा योगायोग लक्षात घ्यावा लागेल. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळाने दख्खनची जनावरे नुकतीच उद्ध्वस्त झाली होती. कळप पुन्हा उभे करण्याच्या वेळीच चराईची दारे बंद होऊ लागली. चराई-फी, दंड व कोंडवाडा या रूपांनी चाऱ्याला प्रथमच जाचक रोख किंमत लागली. मेंढपाळाच्या दृष्टीने चारा महाग झाला तो बाजारामुळे नव्हे, कायद्यामुळे.

स्वातंत्र्योत्तर स्थित्यंतर

स्वातंत्र्यानंतर ही प्रक्रिया थांबली नाही. गायराने लागवडीखाली आली, माळरानांवर वनीकरण झाले, कालव्यांच्या पट्ट्यात ऊस आला. रासायनिक खतांच्या प्रसाराने मेंढ्या बसविण्याची मागणी अनेक भागांत घटली. उसाचे वाढे हा नवा चारा मिळाला, पण तो सकस नव्हे. १९७२ च्या दुष्काळाने व पुढील टंचाईने चाऱ्याचा प्रश्न तीव्र केला. शासनाच्या चारा छावण्यांचा भर प्रामुख्याने गाई-बैलांवर राहिला. लोकरीची मागणी ओसरली. परिणामी तिहेरी मिळकतीतील लोकर जवळजवळ गळाली, खत क्षीण झाले व सारा भार मांसावर आला.

उत्पन्नवाढीचे प्रयत्न झाले. १९७८ मध्ये मेंढी व शेळी विकासासाठी राज्याचे महामंडळ स्थापन झाले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील लहानखुऱ्या गारोळ मेंढीतील जुळ्यांचा जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ ही जात विकसित केली. या प्रयोगाचे महत्त्व वादातीत आहे. मात्र जुळ्यांच्या आईला गाभणपणाच्या अखेरच्या दीड महिन्यात व विल्यानंतरच्या आठवड्यांत अधिक खुराक द्यावाच लागतो. खुराक विकत घ्यावयाचा असेल, तर तो या नेमक्या काळातच घ्यावा व एरवी चराई, बाभळीच्या शेंगा, शेवरी, सुबाभूळ यांवर भागवावे, हाच व्यवहार्य मार्ग दिसतो. जुन्या मेंढपाळाने निसर्गाच्या वेळापत्रकाने जे साधले, तेच येथे हिशेबाने साधावयाचे आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनातून असे दिसते की, दख्खनमधील मेंढपाळी फायद्यात राहिली ती स्वस्त चाऱ्यामुळे नव्हे, तर चारा विकत न घेण्याच्या सामाजिक व्यवस्थेमुळे. अर्थात ही व्यवस्था खऱ्या अर्थाने ‘फुकट’ कधीच नव्हती. तिची किंमत स्त्रियांनी वाटेवरच्या अविश्रांत कष्टांनी व मुलांनी सुटलेल्या शाळेने चुकविली. त्या जीवनाचे उदात्तीकरण करणे म्हणजे या हिशेबातील मोठी रक्कम लपविणे होय.

२०१९ च्या पशुगणनेनुसार राज्यात सुमारे २७ लाख मेंढ्या आहेत. त्या सर्व गोठ्यात बांधून पोसता येतील ही अपेक्षा वर मांडलेल्या गणितात बसत नाही. चराईच्या वाटा व गायराने यांचे संरक्षण, मेंढीखताला योग्य मोल आणि फिरत्या कुटुंबांच्या मुलांसाठी शिक्षणाची सोय या तीन गोष्टी धोरणात आल्या, तरच खाद्य महाग असतानाही हा व्यवसाय तग धरील. चाऱ्याचा प्रश्न हा मुळात जमिनीवरील हक्काचा प्रश्न आहे, हेच दख्खनच्या इतिहासाचे सांगणे आहे.