झाडांच्या नोंदीतून डेटाबेसची ओळख

डेटाबेस म्हणजे ठरावीक रकान्यांत मांडलेला आणि हवा तेव्हा प्रश्न विचारता येईल असा नोंदींचा संग्रह. ग्रंथालयातील कार्डांचा खण आणि शाळेचे जनरल रजिस्टर ही त्याची संगणकपूर्व रूपे होत. म्हणूनच तिसरी-चौथीच्या विद्यार्थ्यांना हा विषय शिकवताना आरंभ संगणकापासून नव्हे, तर कागदापासून करावा.

सिडकोने वसवलेल्या कळंबोलीत यासाठी दाखले शोधावे लागत नाहीत. येथे पत्ता सेक्टरच्या क्रमांकाने सांगितला जातो. लोखंड बाजारात येणाऱ्या ट्रकवर 'एमएच ४६'सारखी पाटी दिसते. एका क्रमांकाची दोन वाहने असू शकत नाहीत, हे मुलांना सहज उमजते. डेटाबेसचा पहिला नियमही हाच : प्रत्येक नोंदीस स्वतंत्र क्रमांक हवा.

उपक्रमासाठी परिसरातील झाडे निवडावीत. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यात वृक्षगणनेची तरतूद आहे; त्यामुळे हा अभ्यास केवळ खेळ ठरत नाही. प्रत्येक झाडासाठी एक कार्ड करावे. त्यावर झाडाचा क्रमांक, नाव, सेक्टर, बुंध्याचा घेर सेंटिमीटरमध्ये आणि फुलण्याचा महिना, असे पाच रकाने असावेत. चाळीस कार्डे जमली, की 'सर्वांत जाड झाड कोणते?' असा प्रश्न विचारावा. कार्डे चाळताना लागणारा वेळ मुलांनी स्वतः अनुभवला, म्हणजे संगणकाची गरज वेगळी सांगावी लागत नाही.

यानंतर कार्डांवरील माहिती तक्त्यात भरावी. एक कार्ड म्हणजे एक आडवी ओळ, एक रकाना म्हणजे एक उभा स्तंभ. लिबरऑफिससारखी विनामूल्य प्रणाली त्यासाठी पुरेशी आहे. क्रम लावणे आणि निवड करणे या दोन क्रियांनी बहुतेक प्रश्न सुटतात.

चुका येथेच उघड होतात. कोणी 'गुलमोहर' लिहिले, कोणी 'गुलमोहोर', तर संगणक त्या दोन जाती मानतो. घेराच्या रकान्यात कोणी 'खूप जाड' लिहिले, तर क्रमच लागत नाही. शिक्षकाने या चुका घाईने पुसू नयेत; धड्याचा गाभा त्यांतच आहे.

पुढच्या इयत्तेत दोन तक्ते करावेत : एक झाडांचा, दुसरा जातींचा. बहावा उन्हाळ्यात फुलतो, ही माहिती प्रत्येक बहाव्यापुढे न लिहिता जातींच्या तक्त्यात एकदाच लिहावी आणि नावाने दोन्ही तक्ते जोडावेत. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधाधिष्ठित रचनेचे हे बालसुलभ रूप होय.

मुलांची नावे, जन्मतारखा वा दूरध्वनी क्रमांक मात्र सरावासाठी घेऊ नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची, तसेच चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याच्या हक्काची तरतूद आहे. शाळेच्या दाखल्यातील नावाची एक चूक पुढे किती कार्यालयांच्या पायऱ्या झिजवायला लावते, हे अनेक पालक जाणतात. नोंद माणूस करतो, म्हणून ती चुकू शकते आणि सुधारताही येते. गुलमोहराच्या नोंदीतून मूल हे शिकले, तर स्वतःच्या नावाची नोंदही ते डोळसपणे वाचेल.