कळफलकावरचा कागद

इंग्लंड आणि वेल्समध्ये तीव्र बौद्धिक अडचणी असलेली मुले १९७१पर्यंत कायद्याच्या लेखी विद्यार्थीच नव्हती. १९४४च्या शिक्षण कायद्याने अशा मुलांना शिक्षणास अपात्र ठरवण्याची सोय ठेवली होती. ती मुले आरोग्य खात्याच्या प्रशिक्षण केंद्रांत जात किंवा रुग्णालयांत राहत. १९७०च्या कायद्याने ही तरतूद रद्द झाली आणि एप्रिल १९७१पासून या मुलांची जबाबदारी स्थानिक शिक्षण मंडळांकडे आली. केंद्रांवर शाळेची पाटी लागली, पण या मुलांना शिकवायचे काय आणि कशाने, हे ठरायचे बाकी होते. संगणक या शाळांत पोहोचला तो पुढच्या दहा-बारा वर्षांत, म्हणजे शाळा स्वतःच नव्या असताना.

एका शब्दाचा खुलासा इथे करायला हवा. महाराष्ट्रात ‘अध्ययन अक्षमता’ म्हटले की वाचन, लेखन किंवा गणितात अडखळणारे, एरवी सर्वसाधारण बुद्धीचे मूल डोळ्यांपुढे येते. ब्रिटिश शाळांतील ‘शिकण्यातील अडचणी’ हा शब्द त्याहून कितीतरी व्यापक आहे. तत्त्वज्ञ मेरी वॉर्नॉक यांच्या समितीने १९७८च्या अहवालात तो सुचवला. मुलांवर व्यंगाचे शिक्के मारण्याऐवजी त्यांची शैक्षणिक गरज सांगावी, आणि पाचांपैकी एका मुलाला शालेय आयुष्यात केव्हा ना केव्हा अशी गरज पडते हे गृहीत धरावे, अशी समितीची भूमिका होती. त्यामुळे सौम्य अडचणीच्या मुलापासून बोलू, चालू न शकणाऱ्या मुलापर्यंत सगळे त्या एका शब्दात येतात.

त्या काळच्या विशेष शाळांवर वर्तनवादाचा पगडा होता. मँचेस्टर विद्यापीठाच्या हेस्टर एड्रियन संशोधन केंद्राने शिक्षकांसाठी तयार केलेल्या प्रशिक्षणात प्रत्येक कौशल्याचे बारीक तुकडे करायचे, तुकडा जमला की लगेच शाबासकी द्यायची आणि नोंद करायची, अशी रीत होती. बी. एफ. स्किनर यांचे शिकवणारे यंत्र १९५०च्या दशकात याच विचारातून निघाले होते. म्हणून शाळांत आलेले सुरुवातीचे बरेचसे सॉफ्टवेअर याच साच्याचे होते: प्रश्न, उत्तर, बरोबर आल्यास पडद्यावर हसरा चेहरा. संगणक थकत नाही आणि वैतागत नाही, हा त्याचा गुण खरा; पण त्याच सरावात मूल कंटाळते, याची नोंद कोणत्या रकान्यात करायची?

वेगळी वाटही उपलब्ध होती. सिमूर पेपर्ट आणि सहकाऱ्यांनी १९६७मध्ये अमेरिकेत मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. एडिनबरा विद्यापीठात सिल्व्हिया वेअर यांनी ती एका स्वमग्न मुलाबरोबर वापरून पाहिली आणि १९७६मध्ये त्याविषयी लिहिले. लोगोमध्ये जमिनीवर चालणारे यांत्रिक कासव मुलाच्या आज्ञेने हलते. इथे यंत्राने मुलाला शिकवण्याऐवजी मूल यंत्राला कामाला लावते. या कल्पनेचा प्रभाव पुढे टिकला, पण रोजच्या वर्गात ती हळूहळूच उतरली.

खरी लाट १९८१मध्ये आली. वॉर्नॉक अहवालावर आधारित शिक्षण कायदा त्याच वर्षी संमत झाला आणि डिसेंबरात एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो बाजारात आला. सरकारने शाळांना संगणकाची निम्मी किंमत देण्याची योजना आधी माध्यमिक आणि मग प्राथमिक शाळांसाठी काढली. रिचर्ड फॉदरगिल यांच्या संचालनाखालील मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स शिक्षण कार्यक्रमाने विशेष शिक्षणासाठी ब्रिस्टल, मँचेस्टर, न्यूकॅसल आणि रेडब्रिज येथे चार साधन केंद्रे उघडली. शिक्षकांनी तिथे यावे, उपकरणे हाताळावीत आणि प्रोग्रॅमच्या प्रती घेऊन जाव्यात, असा हेतू होता.

शाळेत मात्र नियोजन म्हणजे बहुधा वेळापत्रक असे. एकच संगणक चाकांच्या गाड्यावर बसवून वर्गावर्गांत फिरवायचा, सोमवारी सकाळी इथे, दुपारी तिथे. कोणत्या मुलासाठी आणि कशासाठी, हा प्रश्न त्या तक्त्यात कुठे मावत नसे. काम लवकर संपवणाऱ्याला बक्षीस म्हणून संगणक मिळे. या शाळांत काम लवकर संपवणारे मूल कोण, हे सांगायला नको.

कोणत्या मुलासाठी आणि कशासाठी, हा प्रश्न विचारायला भाग पाडले एका साध्या उपकरणाने. साधा कळफलक या मुलांना अवघड जाई, कारण कळा लहान, अक्षरे इंग्रजी कॅपिटल आणि त्यांचा क्रम अनाकलनीय. ‘कन्सेप्ट कीबोर्ड’ ही ए४ किंवा ए३ आकाराची सपाट पाटी होती. तिच्या पृष्ठभागाखाली स्पर्श ओळखणारे १२८ चौकोन असत. शिक्षिकेने वर कागद ठेवायचा, त्यावर चित्र, चिन्ह किंवा शब्द काढायचा आणि त्याखालच्या चौकोनांना काय पाठवायचे ते संगणकाला सांगायचे. चाळीस चौकोन मिळून एकच मोठे ‘कुत्रा’ करता येई. मुलाने चित्र दाबले की पडद्यावर शब्द, किंवा सबंध वाक्य उमटे. कागद बदलला की कळफलक बदलला.

हा कागद करायला बसलेल्या शिक्षिकेला काही गोष्टी ठरवाव्याच लागत. या मुलापुढे किती पर्याय ठेवायचे, दोन की आठ? चित्र ओळखता येते का, की आधी फोटो हवा? हात कुठपर्यंत पोहोचतो? पुढच्या महिन्यात कोणता चौकोन वाढवायचा? विशेष शाळांतील तंत्रज्ञानाचे पहिले खरे नियोजन या कागदांवर झाले, असे म्हणायला हरकत नाही. त्याला नियोजन हे नाव तेव्हा कोणी दिले नव्हते, एवढेच.

ज्यांचा हात पाटीवरही नेमका पडत नसे, त्यांच्यासाठी एकच स्विच असे. तो दाबला की पडद्यावर रंग पसरे, सूर वाजे. आपल्या हालचालीने जगात काहीतरी घडते, एवढेच शिकायचे. स्विच हाताशी ठेवायचा की डोक्याजवळ, व्हीलचेअर कोणत्या कोनात असावी, हे व्यवसायोपचारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय ठरत नसे. त्यामुळे तंत्रज्ञानाची बैठक एकट्या संगणक शिक्षकाची राहिली नाही.

१९८८च्या शिक्षण सुधारणा कायद्याने राष्ट्रीय अभ्यासक्रम आणला आणि तो विशेष शाळांनाही लागू झाला. माहिती तंत्रज्ञान त्याचा भाग असल्याने शाळेला लेखी धोरण करावे लागले: साधनांची यादी, जबाबदार शिक्षक, प्रशिक्षण, खर्च. अडचण अशी की अभ्यासक्रम पहिल्या पातळीपासून मोजायचा आणि पुष्कळ मुले वर्षानुवर्षे तिच्याखालीच राहायची. त्यांची प्रगती मोजण्यासाठी १९९८मध्ये ‘पी’ पातळ्या ठरवल्या गेल्या. दरम्यान विशेष शैक्षणिक गरजांविषयीच्या १९९४च्या आचारसंहितेने गरज ओळखलेल्या मुलासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा आणि प्रत्येक सर्वसाधारण शाळेत एक समन्वयक ही रीत घालून दिली. शिक्षिकेच्या कागदावरचे प्रश्न आता आराखड्याच्या रकान्यांत आले. मात्र रकाने भरणे आणि मुलाकडे पाहणे यांतले अंतरही तेव्हाच वाढू लागले.

१९९९ ते २००३मध्ये शिक्षकांच्या संगणक प्रशिक्षणावर लॉटरी निधीतून २३ कोटी पौंड ठेवले गेले. २००२ ते २००६ या काळात ‘बेक्टा’ या सरकारी संस्थेने संवाद-साधनांचा प्रकल्प चालवला. मुलाची तपासणी, उपकरण आणि ते शाळा बदलतानाही चालू राहावे याची तजवीज त्यात एकत्र होती. प्रकल्प संपल्यावर ही जबाबदारी पुन्हा स्थानिक मंडळांकडे आणि शाळांकडे गेली. २०११मध्ये बेक्टाही बंद झाली. तोवर वर्गांत टॅब्लेट येऊ लागले होते आणि कन्सेप्ट कीबोर्डचे चौकोन कागदावरून पडद्यावर गेले होते.