पिटातला प्रेक्षक आणि ‘संशयकल्लोळ’

नाटकाचे आयुष्य त्याच्या गुणांवर अवलंबून असते हे खरे. तथापि नाट्यगृहाच्या दाराशी मोजावे लागणारे दामही ते ठरवीत असते. ‘संगीत संशयकल्लोळ’चा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

या नाटकाचे मूळ आयर्लंडात जन्मलेल्या आर्थर मर्फीच्या ‘ऑल इन द राँग’ या नाटकात आहे. मर्फीनेही कल्पना मोलिएरकडून घेतली होती. मर्फी प्रथम नट होता आणि पुढे बॅरिस्टर झाला. रंगभूमीवर वावरला म्हणून वकिलांच्या संस्थेत प्रवेश मिळणे त्याला आरंभी जड गेले. १७६१ साली त्याचे हे नाटक लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात झाले. पुढे दोनच वर्षांनी, १७६३ मध्ये, त्याच नाट्यगृहात तिकिटाच्या दरावरून दंगा उसळला. तिसरा अंक संपल्यावर अर्ध्या दराने आत सोडण्याची वहिवाट होती. ती मोडू पाहणाऱ्या चालकांपुढे प्रेक्षक उभे ठाकले, आणि डेव्हिड गॅरिकसारख्या नटश्रेष्ठाला माघार घ्यावी लागली. वहिवाटीचे बळ काय असते, हे निराळे सांगावयास नको.

मर्फीच्या नाटकावरून गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३ च्या सुमारास ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक रचले. त्याचेच संगीत रूप गंधर्व नाटक मंडळीने १९१६ साली, म्हणजे देवलांच्या निधनाच्याच वर्षी, रंगभूमीवर आणले. फाल्गुनराव आणि कृत्तिका असे काही मराठी झाले, की त्यांचे परदेशी कूळ प्रेक्षकाच्या ध्यानीही येईना.

या मंडळीस बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रय होता, आणि डभोई हे गायकवाडी मुलुखातलेच गाव. परंतु राजाश्रयाने मंडळी पोसली जाते, प्रेक्षक नव्हे. डभोईसारख्या गावच्या नोकरदाराने नाटकासाठी बडोदे गाठावयाचे, तर तिकिटात प्रवासखर्चही मिळवावा लागे. त्याला परवडे ती पिटातली जागा. पुढे १९३२ पासून मराठी बोलपट आला, आणि हा पिटातला प्रेक्षक तिकडे वळला. नाटक मंडळ्यांच्या पडत्या काळाचे हे एक मोठे कारण होय.

कायद्यानेही या प्रश्नाची दखल घेतली आहे. मुंबई इलाख्यात १९२३ च्या कायद्याने करमणुकीवर कर बसला. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हा नाटकाचे २५० रुपयांपर्यंतचे तिकीट करमुक्त ठेवण्यात आले. २०१८ च्या जानेवारीत ही मर्यादा ५०० रुपये झाली. स्वस्त तिकिटाला सवलत द्यावी, हे तत्त्व यात मान्य झाले आहे.

गोमंतकात या प्रश्नाचे याहून जुने उत्तर सापडते. तेथे देवळाच्या उत्सवात गावकरी स्वतः झीज सोसून नाटक बसवितात आणि मंडपात येणाऱ्याकडून तिकीट घेत नाहीत. संगीत नाटकांची आवड तेथे टिकून राहिली, तिचे श्रेय या मोकळ्या दाराला दिलेच पाहिजे.

म्हणून जुन्या नाटकांचे पुनरुज्जीवन करणाऱ्या संस्थांनी पुढच्या रांगांचे मोल हवे तेवढे घ्यावे. मागच्या काही रांगा मात्र विद्यार्थ्याला व अल्प मिळकतीच्या माणसाला परवडतील अशा ठेवाव्यात. ज्याला आज दाराबाहेरून परत जावे लागते, तो उद्या आपल्या मुलांना ‘संशयकल्लोळ’चे नावही सांगणार नाही.