कानांनी वाचणाऱ्यांची परंपरा

यरीहोच्या वाटेवर भीक मागत बसलेल्या बार्तिमयाला प्रभू दिसला नाही. त्याने गर्दीचा गलबला तेवढा ऐकला. तो हाका मारू लागताच लोकांनी त्याला गप्प राहण्यास दटावले. प्रभूने मात्र त्याला जवळ बोलावले आणि त्याच्यासाठी काय करावे हे त्यालाच विचारले. ख्रिस्ती समाजाने केलेल्या अंधसेवेचा इतिहास चाळताना आम्हांला हा प्रसंग वारंवार आठवतो. त्या इतिहासात देणारे हात पुष्कळ आहेत, विचारणारे थोडे.

लुई ब्रेल हा पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा श्रद्धावंत कॅथलिक. १८२९ साली, अवघ्या विसाव्या वर्षी, त्याने आपली उठावाच्या टिंबांची लिपी प्रसिद्ध केली. पण ज्या अंधशाळेत तो शिकवीत होता, तेथेच पुढे काही काळ तिच्यावर बंदी आली. डोळस अधिकाऱ्यांना ती परकी वाटली. अंध विद्यार्थी मात्र ती चोरून वापरीत राहिले. १८५२ मध्ये ब्रेल निवर्तला आणि त्यानंतर दोन वर्षांनी फ्रान्समध्ये त्या लिपीला अधिकृत मान्यता मिळाली.

१९०० हे वर्ष दोन कारणांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. न्यूयॉर्कमध्ये मार्गारेट कॉफी व येशूसंघीय फादर जोसेफ स्टेडलमन यांनी अंधांना कॅथलिक वाङ्मय विनामूल्य पुरवणारी झेवियर सोसायटी स्थापन केली. त्याच वर्षी अमेरिकन मराठी मिशनच्या मिस ॲना मिलर्ड यांनी मुंबईत अंधशाळा सुरू केली.

तथापि ब्रेललिपीला एक मर्यादा होती. उतारवयात किंवा रणांगणावर दृष्टी गमावलेल्यांच्या बोटांना ती सहजासहजी साधत नसे. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, सोमच्या रणभूमीवर अंध झालेले इयान फ्रेझर यांनी म्हणूनच ध्वनिमुद्रित पुस्तकांचा ध्यास घेतला. १९३५ साली ब्रिटनमध्ये ही 'बोलकी पुस्तके' घरोघरी जाऊ लागली. तबकडीची एक बाजू सुमारे पंचवीस मिनिटे चाले. एका कादंबरीला दहाएक तबकड्या लागत. अमेरिकेत १९३४ सालच्या पहिल्या बोलक्या पुस्तकांत चार शुभवर्तमाने आणि स्तोत्रसंहिता होती, हे आपण आवर्जून ध्यानात ठेवावे.

या उपक्रमाला आरंभी विरोध केला तो साक्षात हेलन केलर यांनी. ते मंदीचे दिवस होते. हजारो अंध बेकार असताना बोलकी पुस्तके ही चैन ठरेल, असे त्यांचे मत होते. पुढे त्यांनी ते बदलले व ध्वनियंत्रांसाठी सरकारी पैसा मिळावा म्हणून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडे शब्द टाकला. आधी भाकरी की आधी पुस्तक, हा प्रश्न आमच्या धर्मग्रामांतही अधूनमधून निघतो. भुकेल्यालाही एकटेपणा असतो, एवढेच आम्ही त्यावर म्हणू.

१९६३ साली फिलिप्स कंपनीची कॅसेट आली आणि हे काम सामान्यांच्या आवाक्यात आले. १९७० साली वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे ग्रंथपालनाचे अध्यापक रोनाल्ड स्टर्ट यांच्या पुढाकाराने ब्रिटनमधील पहिले 'बोलके वृत्तपत्र' निघाले. पाठोपाठ चर्चमधील स्वयंसेवकही आपली मासिके ध्वनिफितीवर वाचू लागले. काम साधे होते. कोणी मजकूर निवडी, कोणी वाचे, कोणी प्रती काढी. पत्त्याचे कार्ड उलटे करून श्रोता तीच पिशवी परत धाडी. अंधांच्या साहित्याला टपालहशील माफ असे. परत आलेली फीत पुसून तिच्यावर पुढचा अंक भरला जाई. त्यामुळे त्या वाचकांचे आवाज बहुतांशी लोपले. आपली सेवा पुसून टाकणाऱ्यांचा इतिहास लिहिणे कठीणच!

आपल्याकडेही वाट मोकळी झाली आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिहीनांसाठी साधनकेंद्र आहे. २०१२ च्या कायदादुरुस्तीने अपंगांसाठी सुगम प्रती काढण्यास मुभा दिली, आणि त्याविषयीच्या मराकेश कराराला २०१४ साली सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारतच होता.

आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध, अंध भगिनीला कम्युनियन दिल्यावर आम्ही नियतकालिकातून काहीतरी वाचून दाखवीत असू. प्रत्येक वेळी आम्ही चिंतनपर लेख निवडायचो. एके दिवशी त्या संकोचून म्हणाल्या, "फादर, आधी कोण कोण वारलं ते वाचा ना." कितीतरी महिने आम्ही त्यांना विचारलेच नव्हते.

वाचकहो, आज ध्वनिमुद्रणाला यंत्रशाळा लागत नाही. खिशातला फोन पुरतो. आपला हा अंकही कोणाच्या तरी घरी न उघडता पडून असेल. तो मोठ्याने वाचायला बसा. मात्र पहिले पान उघडण्यापूर्वी ऐकणाऱ्याला विचारा, काय वाचू?